घरचं काम, हातचा हिशेब: स्वतः केलेल्या कामाचा खर्च काढावा कसा, वाटावा कसा, सांगावा कसा

'खोली रंगवायला किती खर्च आला?' असं विचारलं की बहुतेक जण रंगाच्या डब्याची किंमत सांगून मोकळे होतात. रोलर, पुट्टी, पॉलिश पेपर, टेप, मध्येच रंग संपला म्हणून धावतपळत आणलेला जादाचा डबा आणि त्यात गेलेल्या सुट्ट्या यांतलं काहीच त्या आकड्यात नसतं. ऐकणारा तोच आकडा धरून कामाला लागतो आणि काम निम्म्यावर असताना त्याचे पैसे संपतात. सांगणाऱ्याने खोटं सांगितलेलं नसतं, त्याने फक्त हिशेबाऐवजी आकडा सांगितलेला असतो.

घरच्या कामाचा खर्च तीन वेळा उपयोगी पडतो. काम सुरू करण्याआधी स्वतःसाठी, काम चालू असताना सोबतच्यांशी वाटणी करताना आणि काम झाल्यावर दुसऱ्या कोणाला सांगताना. तिन्ही वेळा एकच कागद चालतो, फक्त तो पहिल्या दिवसापासून नीट मांडलेला हवा.

कामाची हद्द आखा

पहिलं पान आकड्यांचं नको, शब्दांचं असू द्या. कागदाच्या एका बाजूला 'यात काय येतं' आणि दुसऱ्या बाजूला 'यात काय येत नाही' असं लिहा. 'मोरीच्या भिंतीला टाइल बसवणं' हे वाचायला एक काम वाटतं. पण जुन्या टाइल उखडायच्या आहेत का? उखडल्यावर खालचा गिलावा सुटला तर तो पुन्हा कोण करणार? राडारोडा कुठे टाकायचा आणि त्याच्या वाहतुकीचे पैसे कोणाचे? नळ काढून परत बसवायचे, तर प्लंबर लागेल का? या चार प्रश्नांची उत्तरं कधी कधी टाइलपेक्षा महाग पडतात.

याच पानावर हेही ठरवून टाका की कोणतं काम आपण करायचं नाही. मुख्य वीजजोडणी, गॅसची नळी आणि भार पेलणाऱ्या भिंतीची तोडफोड ही कामं जाणकाराकडेच द्यायची. त्यांचं कोटेशन घ्यायचं आणि ते अंदाजात जसंच्या तसं धरायचं. इथे पैसे वाचवायला जाणं हा काटकसरीचा प्रकार नाही.

मोजा, आणि मोजताना भिंतीवर विश्वास ठेवू नका

भिंत सरळ असते हा गैरसमज आहे. लांबी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा. पृष्ठफळ काढायचं असेल तर तिन्हींतलं मोठं माप धरा, एखादी वस्तू आत बसवायची असेल तर सर्वांत लहान. कपाट, फळी, खिडकीचा पडदा यांना हा नियम लावलात तर कापाकापीचा निम्मा त्रास वाचतो. मापं सगळी एकाच एककात लिहा. अर्धी फुटात आणि अर्धी मिलिमीटरमध्ये लिहिलेला कागद दुकानात उभं राहून वाचताना हमखास घोळ होतो.

मापावरून माल काढा

अंदाज खरा घडतो किंवा बिघडतो तो इथे. रंगाचंच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच आहे. चारही भिंतींची एकूण लांबी १४ मीटर, म्हणजे पृष्ठफळ ३७.८ चौरस मीटर. त्यातून दार (०.९ × २) आणि खिडकी (१.२ × १.२) वजा केली की साधारण ३४.६ चौरस मीटर उरतात. रंगाचे दोन हात द्यायचे म्हणजे ६९ चौरस मीटर.

आता एका लिटरमध्ये किती? पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शन रंगाच्या डब्यावर हा आकडा छापलेला असतो. एका हाताला लिटरमागे दहा-बारा चौरस मीटर हा नेहमी दिसणारा आकडा. पण तो गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीचा असतो. खडबडीत किंवा कोऱ्या गिलाव्याची भिंत रंग पिते आणि तोच लिटर आठ चौरस मीटरवर आटोपतो. म्हणजे याच खोलीला चांगल्या भिंतीवर ५.८ लिटर, मध्यम भिंतीवर ६.९ लिटर आणि खादाड भिंतीवर ८.६ लिटर रंग लागेल. खोली तीच, रंग तोच, आणि फरक जवळपास तीन लिटरचा.

या तीन आकड्यांचं काय करायचं? १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी 'पर्ट' नावाची पद्धत तयार झाली. त्यातलं एक सूत्र घरच्या वहीतही छान चालतं: सर्वांत कमी, अधिक चार गुणिले मधला, अधिक सर्वांत जास्त, भागिले सहा. इथे (५.८ + २७.६ + ८.६) ÷ ६ म्हणजे बरोबर ७ लिटर. क्षेपणास्त्रासाठी ते वेळेचं गणित होतं, आपण लिटरला लावतोय, पण तत्त्व तेच: मधल्या अंदाजाला जास्त वजन द्यायचं आणि वाईट शक्यता हिशेबातून वगळायची नाही.

सात लिटर लागले तरी सात लिटरचा डबा मिळेलच असं नाही. ४ लिटरचे दोन घेतले तर एक लिटर उरेल. एक चारचा आणि तीन एकेकचे घेतले तर काही उरणार नाही, पण लहान डबे लिटरमागे महाग पडतात. दोन्हींची बेरीज करून पाहा. बरेचदा मोठे दोन डबे स्वस्त पडतात आणि उरलेला लिटर पुढे डाग झाकायला कामी येतो. वहीत मात्र 'लागला' आणि 'विकत घेतला' असे दोन वेगळे रकाने ठेवा. वाटणीच्या वेळी हा फरक लागणार आहे. छताचा रंग वेगळा असेल तर त्याचा हिशेब वेगळा मांडा.

टाइलची रीत थोडी निराळी. ६ चौरस मीटर भिंत, टाइल ३०० × ६०० मिलिमीटरची. एक टाइल ०.१८ चौरस मीटर, म्हणजे ३४ टाइल. सरळ मांडणीत १० टक्के घट धरायची म्हणजे ३७. तिरकी मांडणी असेल तर घट १५ टक्के, कारण कडेला प्रत्येक तुकडा तिरका कापावा लागतो. खोक्यात सहा टाइल असतील तर सात खोकी, म्हणजे ४२. उरलेल्या पाच परत करायची घाई नको. टाइलच्या प्रत्येक खोक्यावर लॉटचा आणि छटेचा नंबर असतो. पुढे एखादी टाइल फुटली तर त्याच लॉटची मिळणं अवघड, आणि भिंतीवर एकच टाइल वेगळ्या छटेची लावली तर ती रोज नजरेत खुपते. याच कारणाने सगळी खोकी एकदम घ्या आणि दुकानातच नंबर जुळवून पाहा.

टाइल चिकटवायचं अॅडहेसिव्ह साधारण ३ मिलिमीटरच्या थराला चौरस मीटरमागे चार ते पाच किलो लागतं. इथे २४ ते ३० किलो, म्हणजे २० किलोच्या दोन पिशव्या. सांधे भरायच्या ग्राउटचा अंदाज लोक डोळ्यांनी करतात आणि दुप्पट घेऊन येतात. त्याचं सूत्र असं: टाइलची लांबी अधिक रुंदी, भागिले लांबी-रुंदीचा गुणाकार, गुणिले टाइलची जाडी, गुणिले सांध्याची रुंदी, गुणिले १.६. सगळी मापं मिलिमीटरमध्ये घातली की उत्तर चौरस मीटरमागे किलोमध्ये येतं. आपली टाइल ९ मिलिमीटर जाड आणि सांधा २ मिलिमीटरचा असेल तर ०.१४४ किलो. सहा चौरस मीटरला एक किलोचं पाकीट पुरून उरतं.

लाकूडकामात घट टक्क्यांनी काढू नका, शीट कागदावर आखून काढा. प्लायवूडची शीट ८ × ४ फुटांची, म्हणजे २४४० × १२२० मिलिमीटर. करवतीचं पातं दर कापाला साधारण ३ मिलिमीटर लाकूड खातं. ३०० मिलिमीटर खोलीच्या फळ्या हव्या असतील तर रुंदीत चार पट्ट्या निघतात: १२०० अधिक तीन कापांचे ९, एकूण १२०९. बसलं. पण कोणी म्हणालं, 'पुरी एक फूट खोली ठेवू या', की चार पट्ट्यांना १२१९ अधिक ९ असे १२२८ मिलिमीटर लागतात आणि शीट १२२० चीच. चौथी पट्टी गेली. फळीमागे पाच मिलिमीटर वाढवायच्या नादात पाव शीट फुकट जाते. म्हणून आधी शीट आखा आणि मग फळीची खोली ठरवा.

काँक्रीटचं एकच ध्यानात ठेवा: कोरडा माल पाणी घालून कालवला की आकसतो. ओल्या काँक्रीटच्या घनफळाला १.५४ ने गुणून कोरड्या मालाचं घनफळ काढतात. १.२ × १ मीटरची, १० सेंटिमीटर जाडीची पायरी म्हणजे ०.१२ घनमीटर. १:२:४ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात गुणाकार न करता हिशेब केला तर सिमेंट २५ किलो येतं. खरं लागतं ३८ किलोच्या आसपास.

किरकोळ रकाना हा किरकोळ नसतो

'इतर' असा एक मोघम रकाना करून त्यात ठोकळ आकडा भरू नका. एकेक वस्तू लिहा: पॉलिश पेपर (खडबडीत आणि बारीक दोन्ही), मास्किंग टेप, जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक, रोलरचे बदलायचे गुंडाळे, स्क्रू, रावळप्लग, ड्रिलचे बिट, स्पेसर, सिलिकॉन, हातमोजे, धुळीचा मास्क, चष्मा, चिंध्या, मालाची वाहतूक. लहान कामात या यादीची बेरीज मुख्य मालाच्या निम्म्यावर गेली तरी नवल नाही, कारण टेपचा अख्खा रोल घ्यावा लागतो, भिंत एक असो की चार. मास्क आणि चष्मा यादीतून खोडायचे नाहीत. अंदाज फुगला की लोक पहिली कात्री तिथेच लावतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

हत्यारं: विकत, भाड्याने की उसनी

हत्याराची पूर्ण किंमत एका कामावर टाकली तर ते काम अवास्तव महाग दिसतं. काहीच टाकली नाही तर फुकट झाल्यासारखं वाटतं. मधला मार्ग असा: विकत घेतल्याची किंमत, वजा पुढे विकलं तर येणारी रक्कम, भागिले किती कामांना ते वापराल याचा प्रामाणिक अंदाज. प्रामाणिक हा शब्द महत्त्वाचा, कारण ड्रिल घेताना प्रत्येकाला वाटतं की आता आपण महिन्याला एक फळी लावणार.

भाड्याशी तुलना सोपी आहे. रोजचं भाडं किमतीच्या एक अष्टमांश असेल तर आठव्या दिवशी दोन्ही सारखे होतात. टाइल कटर, मोठा सँडर, उंच परांची ही भाड्याची मंडळी. मोजपट्टी, लेव्हल, बरा ड्रिल आणि स्क्रूड्रायव्हरचा संच घरचा असावा. उसनं आणलेलं हत्यार हिशेबात शून्य धरलं तरी त्यात मोडलेला बिट किंवा झिजलेलं पातं बदलून देणं येतं. तो खर्च लिहा.

वेळेचा अंदाज, आणि तो नेहमी का चुकतो

डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एका मानवी सवयीकडे बोट दाखवलं: आपल्याच कामाला किती वेळ लागेल हे माणूस कायम कमी सांगतो, आधीची अशीच कामं लांबलेली आठवत असली तरीही. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असं विचारलं. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती, याचं उत्तर ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ दिवस. म्हणजे अत्यंत निराशावादी अंदाजही आशावादीच निघाला.

यावरचा उपाय म्हणजे कामाकडे आतून न पाहता बाहेरून पाहणं. 'मला किती वेळ लागेल?' असं विचारण्याऐवजी 'असं काम पहिल्यांदा करणाऱ्या दुसऱ्या कोणाला किती लागला?' असं विचारा. शिवाय कामाचे तुकडे करा. रंगकामात प्रत्यक्ष रंग लावणं हा लहान तुकडा आहे. सामान हलवणं, खिळे काढणं, भोकं बुजवणं, पुट्टी वाळेपर्यंत थांबणं, घासणं, धूळ पुसणं, टेप लावणं, शेवटी ब्रश धुणं आणि सामान परत लावणं यांत दिवस जातो. वाळण्याचा वेळ तुमचा नाही, पण खोलीचा आहे. तेवढे दिवस खोली बंद राहणार आणि कोणीतरी दुसरीकडे झोपणार.

वेळेला पैशाचा भाव लावायचा का? एकट्याच्या कामात मी लावत नाही, फक्त तास लिहितो. कारागिराचं कोटेशन आणि आपला मालाचा खर्च यांतल्या फरकाला आपल्या तासांनी भागलं की तासाला किती वाचले ते कळतं. तो आकडा पाहून पुढचं काम स्वतः करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

राखीव रक्कम

घट आणि राखीव या दोन वेगळ्या गोष्टी. तुकडे वाया जाणार हे ठाऊक असतं, ती घट. भिंत उघडल्यावर काय निघेल हे ठाऊक नसतं, त्यासाठी राखीव. माझा ठोकताळा असा: नुसतं वरवरचं काम, म्हणजे रंग किंवा फळ्या, असेल तर १० टक्के. पाण्याशी संबंध असेल किंवा काही उखडायचं असेल तर २०. घर जुनं आणि वरून उखडायचंही असेल तर ३०. हा शास्त्राचा नियम नाही, पण शून्य ठेवण्यापेक्षा बरा. राखीव रक्कम यादीत स्वतंत्र ओळीत दाखवा. प्रत्येक वस्तूचा भाव थोडा थोडा वाढवून ती लपवली तर शेवटी अंदाज कुठे चुकला हे कळायला मार्ग उरत नाही.

काम सुरू झालं की रोज संध्याकाळी त्या दिवसाचा खर्च 'अंदाज' रकान्याशेजारच्या 'प्रत्यक्ष' रकान्यात भरा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची बिलं काही महिन्यांत पुसट होतात.

वाटणी: काम सुरू होण्याआधी बोलून घ्या

एकत्र राहणारे मित्र, भाऊ-भाऊ, सामायिक कुंपण असलेले दोन शेजारी, असे कोणीही असले तरी भांडण बहुधा तीन गोष्टींवरून होतं: हत्यार कोणाकडे राहणार, कष्ट कोणी केले, आणि उरलेला माल कोणाचा.

हत्याराचं सोपं आहे. ज्याच्याकडे राहणार त्याने विकत घ्यायचं आणि बाकीच्यांनी फक्त वापराचा वाटा द्यायचा. तो वाटा वर सांगितलेल्या भागाकाराने काढायचा. उरलेल्या मालाचंही तसंच. 'लागला' तेवढाच माल वाटणीत येतो, उरलेला ज्याला हवा त्याच्या नावावर.

कष्टाचं मात्र आधी ठरवावं लागतं. तिघे जण आहेत. माल आणि हत्यारांच्या वापराचा मिळून खर्च १०० एकक (पैशांचं कोणतंही माप धरा) झाला. पहिल्याने २० तास काम केलं, दुसऱ्याने ८ तास, तिसरा गावालाच होता. तासाचा भाव एक एकक ठरला. एकूण मोल १२८, प्रत्येकाचा वाटा ४२.६७. पहिल्याचे २० तास वळते केले की त्याने २२.६७ द्यायचे, दुसऱ्याने ३४.६७ आणि तिसऱ्याने पुरे ४२.६७. तिघांची बेरीज पुन्हा शंभरावर येते.

तासाचा भाव कारागिराच्या मजुरीइतका लावू नका. कारागीर जे काम दोन तासांत करतो त्याला आपल्याला सहा लागतात, आणि आपल्या शिकण्याचे पैसे तिसऱ्याने का द्यावेत? उलट बाजूनेही सावध राहा. संशोधक मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की स्वतःच्या हाताने जोडलेल्या वस्तूला माणूस वाजवीपेक्षा जास्त किंमत लावतो. घरी जोडायचं फर्निचर विकणाऱ्या कंपनीवरून त्यांनी त्याला 'आयकिया परिणाम' असं नाव दिलं. म्हणून भाव काम सुरू होण्याआधी ठरवा. घाम गाळून झाल्यावर प्रत्येकाला आपला तास सोन्याचा वाटतो.

भाड्याच्या घरात आणखी एक प्रश्न येतो. जे भिंतीत राहणार ते घरमालकाचं होतं, म्हणून त्याची परवानगी आणि खर्चातला त्याचा वाटा दोन्ही लेखी घ्या. काढून नेता येईल अशी फळी किंवा कपाट असेल तर मधूनच सोडून जाणाऱ्याला किती परत द्यायचं हेही ठरवा. वस्तू पाच वर्षं टिकेल असं धरलं तर दोन वर्षांनी जाणाऱ्याच्या वाट्याचे तीन पंचमांश पैसे परत. सरळ रेषेचं हे गणित कोणालाही पटतं.

कुंपणासारख्या कामात बरोबर निम्मे करणं दरवेळी न्याय्य नसतं. एकाला साधं कुंपण पुरे आहे आणि दुसऱ्याला नक्षीचं हवं आहे, तर साध्या कुंपणाचा खर्च निम्मा-निम्मा आणि वरचा फरक नक्षी हवी असणाऱ्याचा.

दुसऱ्याला सांगताना

'चौरस मीटरला अमुक खर्च आला' हे वाक्य सर्वांत जास्त दिशाभूल करतं. समजा टेप, रोलर, प्लास्टिक, वाहतूक असा कामाच्या आकारावर न ठरणारा खर्च ३० एकक आहे आणि चौरस मीटरमागे माल २ एकक. दहा चौरस मीटरच्या कामाचा दर ५ येतो, चाळीसचा २.७५. दोघेही खरं बोलतात आणि दोघांचे आकडे एकमेकांना निरुपयोगी ठरतात. म्हणून दर सांगायचाच तर कामाचा आकार जोडून सांगा, आणि जमलं तर स्थिर खर्च व मालाचा खर्च वेगळा करून सांगा.

बाकी काय सांगायचं? महिना आणि वर्ष, कारण भाव बदलतात. भिंतीची आधीची अवस्था. किती हात दिले. कोणती हत्यारं आधीच घरात होती, आणि ही गोष्ट तर लोक कायम विसरतात. फुकट किंवा उसनं काय मिळालं. माणसं किती, तास किती, आणि त्यांतलं आधी कोणी हे काम केलं होतं का. पैशांच्या आधी परिमाण सांगा: '३४.६ चौरस मीटर, दोन हात, ७.५ लिटर लागला'. दुसऱ्या गावात, दुसऱ्या वर्षी भाव निराळा असला तरी लिटर तेच राहतात, आणि ऐकणारा आपल्या भावाने गुणून घेतो.

अंदाज आणि प्रत्यक्ष हे दोन्ही रकाने दाखवा. अंतिम आकड्यापेक्षा 'पुट्टी दुप्पट लागली, टेप निम्मी पुरली' ही माहिती पुढच्या माणसाला जास्त कामाची. वाया गेलेला माल झाकू नका. त्याचीही एक ओळ असू द्या.

वही बंद करण्याआधी उरलेल्या डब्यावर छटेचा नंबर, खोलीचं नाव आणि तारीख मार्करने लिहा आणि झाकण ठोकून घट्ट बसवा. उरलेल्या टाइलच्या खोक्यावर लॉट नंबर दिसेल असं ठेवा. वर्षभराने एकदा तीच वही काढून शेवटी एक ओळ जोडा: कुठे पोपडा आला, कुठला सांधा फुटला, दुरुस्तीला काय लागलं. तुमचा आकडा ज्यांना दिला होता, त्यांना ही ओळही कळवा.